इंजिन बांधायचं की जुनं आणून बसवायचं? ४० हजारांत वॅगन आरचं काय होऊ शकतं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. २०११ ची वॅगन आर, के-सिरीजचं एक लिटरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेत. मे महिन्यात घाटात गरम होऊन बंद पडली, तुम्ही पाणी ओतून तशीच घरी आणली, आणि तेव्हापासून ८०० किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, मागून निळसर धूर मारते. एका गॅरेजवाल्याने इंजिन न उघडताच 'फुल इंजिन' म्हणून ६५ हजार सांगितले, दुसरा म्हणतो भंगारातलं चालू इंजिन ३५ हजारात बसवून देतो. तुमच्याकडे ४० हजार आहेत. वहिनी आरोग्य केंद्रात नर्स, रात्रपाळीला २२ किलोमीटरवर सोडायला-आणायला दुसरं काही साधन नाही, एसटी त्या वेळी नसते, म्हणून गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहून चालणार नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला २३ वर्षं गॅरेज चालवतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या मारुतीच्या छोट्याच असतात, त्यामुळे हे इंजिन खूप वेळा उघडलंय. तुमची गाडी मी बघितलेली नाही, तेव्हा खाली जे लिहितोय ते तुमच्या लक्षणांवरून आहे, आणि किमती माझ्याकडच्या आहेत, तुमच्या गावात हजार-दोन हजार इकडे तिकडे होणार हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारताय बांधू (म्हणजे आहे तेच इंजिन उघडून नवे पार्ट घालू) की बदलू. पण त्या दोघांनी तुम्हाला फक्त भाव सांगितलाय, आजार काय आहे ते कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरने रक्त न तपासता ऑपरेशनचा खर्च सांगावा तसं झालं हे. ऑइल खायची चार-पाच कारणं असतात, त्यातलं सगळ्यात स्वस्त ३०० रुपयांत सुटतं आणि सगळ्यात महाग ६० हजारांत, आणि बाहेरून धूर सगळ्यांचा सारखाच दिसतो. तेव्हा ४० हजारांतले पहिले हजार-पंधराशे तपासणीवर घाला. हातात पैसे कमी असतात तेव्हा तर हे जास्तच करायचं, कारण चुकलं तर दुसऱ्यांदा घालायला पैसे नसतात.

तपासणीत काय करायचं ते सांगतो, कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात होतं, तुम्ही फक्त शेजारी उभं राहून आकडे वहीत लिहून घ्या.

सगळ्यात आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजायचं. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, इंजेक्टरची आणि कॉइलची वायर काढून ठेवायची, बॅटरी फुल चार्ज हवी, एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, पाच-सहा फेऱ्यांत काटा जिथे थांबतो तो आकडा. माझ्या अनुभवात या इंजिनात १७५ ते २०० पीएसआय आला की तब्येत चांगली, १५० च्या खाली गेलं की काहीतरी गेलंय, आणि तिन्ही सिलेंडरमध्ये १५ पेक्षा जास्त फरक नको. मग ज्यात कमी आलं त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल टाकून परत टेस्ट घ्यायची. आकडा एकदम वर गेला तर रिंगा (पिस्टनवरची कडी) किंवा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलेंडरची भिंत) झिजलेत, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. अजिबात हलला नाही तर गळती वरून आहे, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग). शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचं एकदम पडलं असेल, म्हणजे १-२ किंवा २-३, तर मला आधी हेड पॅकिंगचाच संशय येतो. तुमची गाडी गरम झालेली आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

दुसरं, धूर कधी येतो ते बघा, याला पैसे लागत नाहीत. सकाळी पहिल्या सेल्फला भसकन निळा धूर आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील. घाट उतरताना गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्या आणि खाली आल्यावर एकदम दाबा, आरशात मागे निळा ढग दिसला तर तेही सीलच. मी गिऱ्हाइकाला घेऊन आंबा घाटात हे केलंय, मशीनपेक्षा पक्का रिझल्ट देतं. पण तुमची गाडी एकदा गरम होऊन बसलेली आहे, तेव्हा पाणी कमी होत नाही याची खात्री झाल्याशिवाय घाटात नेऊ नका, साध्या उतारावरही कळतं. याउलट चढाला, लोड असताना, सतत धूर असेल तर रिंगा.

तिसरं, इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. थोडी फुसफुस सगळ्यांनाच असते, पण झाकण नाचायला लागलं आणि धुराडं निघाल्यासारखं झालं तर रिंगांतून गॅस खाली येतोय. पण थांबा, त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारा गॅस परत जाळायला ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह) काढून हलवून बघायला सांगा, आत खुळखुळ वाजला पाहिजे. तो चिकटला असेल तर इंजिन तिथूनच ऑइल ओढतं, आणि हीच ती ३०० रुपयांची गोष्ट. मी दोन गाड्या अशा बघितल्यात ज्यांना दुसरीकडे इंजिन काम सांगितलं होतं.

चौथं, पाणी. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. बुडबुडे सतत येत असतील, पाणी गुपचूप कमी होत असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरं दिसत असेल तर हेड पॅकिंग गेलंय, आणि मग गाडी चालवायची नाही, टो करूनच न्यायची.

पाचवं, खालचं इंजिन, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) आणि बेअरिंग. ऑइल फिल्टर काढा, त्याचा पत्रा कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. हॅक्सॉने कापलात तर लोखंडाचा भुसा आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं, म्हणून मी जुन्या टिन कटरने कापतो. कागदावर काळं कार्बन असणारच. पण तांब्याच्या रंगाची किंवा चांदीसारखी बारीक चमक दिसली, बोटावर घेतल्यावर अभ्रकासारखी चकाकली, तर शेल, म्हणजे बेअरिंगचं पातळ अस्तर, झिजलेत. कागद स्वच्छ असेल, इंजिनातून ठोके नसतील आणि गरम इंजिनावर प्रेशर गेज लावून ऑइल प्रेशर व्यवस्थित येत असेल, तर क्रँकला हात लावायची गरज नाही, आणि इथेच तुमचे २०-२५ हजार वाचतात.

आता तुमच्या बाबतीत मला काय वाटतं. लक्षणं 'गरम झाल्यानंतर' सुरू झालीत. इंजिन गरम झालं की दोन गोष्टी होतात, एक हेड वाकतं, आणि दुसरं पिस्टनच्या खालच्या ऑइल रिंगचा ताण जातो, ती स्प्रिंगसारखी बोअरला दाबून राहायला पाहिजे ती मऊ पडते आणि ऑइल खरवडून काढत नाही. बोअर बहुतेक वेळा ठीक असतो, क्रँक तर बहुतेक ठीकच असतो. म्हणून माझा अंदाज असा की तुमचं 'हाफ इंजिन'चं काम आहे, फुल नाही. अंदाजच आहे, वरचे आकडे आले की पक्कं बोलू.

हा शब्द नीट समजून घ्या कारण भाव त्याच्यावर ठरतो. आमच्याकडे हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवून त्याचं काम, पिस्टन काढून रिंगा, बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) शेल, पॅकिंग किट, सील. फुल म्हणजे क्रँक पण बाहेर, मेन बेअरिंग (ज्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो ते), क्रँक ग्राइंडिंग, बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, ऑइल पंप सगळं. काही ठिकाणी हाफचं काम करून फुलचे पैसे घेतात, म्हणून बिलावर पार्ट लिहून घ्या आणि जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा. मागितले की कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि घेतलं तर तिथे काम देऊ नका.

एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाही, तो म्हणजे सध्या काहीच न करणं. तुम्ही म्हणताय महिन्याला १००० किलोमीटर होतात, म्हणजे सव्वा लिटर ऑइल, ४०० रुपये लिटर धरलं तरी महिन्याला ५००. ४० हजारांत ८० महिन्यांचं ऑइल येतं! हे मी थट्टेने सांगत नाही, पैसे नसताना बऱ्याच लोकांनी वर्ष-दोन वर्षं अशीच काढलीत. पण अटी आहेत. पाणी कमी होत नसेल, तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन बऱ्यापैकी सारखं असेल, ठोके नसतील, तरच. आणि दर दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक बघायचीच, कारण या इंजिनात ऑइल मुळात तीन लिटरच्या आसपास, त्यातलं दीड-पावणेदोन संपेपर्यंत तुम्हाला काही कळत नाही आणि लाल दिवा लागतो तेव्हा शेल खरवडून झालेले असतात. शिवाय जळलेलं ऑइल एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मारतं, प्लगवर कार्बन बसतो, आणि पीयूसीला हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो. तेव्हा हा कायमचा उपाय नाही, पण सहा महिने पैसे जमवायला वेळ देतो. त्या काळात एक प्रयोग करून बघायला हरकत नाही, प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये कार्बन सोडवणारं क्लीनर रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी प्लग न लावता वर फडकं टाकून सेल्फ मारून ते बाहेर उडवायचं आणि लगेच ऑइल बदलायचं. ऑइल रिंग फक्त कार्बनने चिकटली असेल तर फरक पडतो, ताण गेला असेल तर नाही पडत. माझ्याकडे दहात तीन-चार गाड्यांना पडलाय. हजारभर रुपयांत होतं.

आता इंजिन बांधायचं ठरलं तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही.

हेड लेथवाल्याकडे जाणारच. त्याने आधी पट्टी ठेवून खालून फिलर गेज घालून दाखवलं पाहिजे, ०.०५ मिलिमीटरची पात खाली गेली की हेड वाकलंय, फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, हवं. फेसिंग करताना कमीत कमी माल काढायला सांगा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, या हेडला वर दोन कॅमशाफ्ट आहेत, हेड खालून वाकलं म्हणजे वर कॅमच्या बैठकाही वाकल्या असू शकतात. खालचा भाग घासून सपाट केला तरी वरचा तसाच राहतो. म्हणून नुसते कॅम ठेवून कॅप टाइट करून हाताने फिरवून बघायचं, लोण्यासारखा फिरला पाहिजे, एका जागी अडकला तर ते हेड टाकून दुसरं जुनं हेड शोधणं बरं. जुनं हेड घ्यायला काही अडचण नाही, इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेडवर नाही.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि आत बिडाचे लायनर आहेत. स्टँडर्ड बोअर ७३ मिलिमीटर. बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवून बघा, कड स्पष्ट लागली तर झीज जास्त, नुसती जाणवली तर चालतं. मग बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मोजून घ्यायचं. बोअर चांगला असेल तर फक्त होनिंग (दगडाने आतून बारीक रेघा पाडणं) आणि नव्या स्टँडर्ड रिंगा. रिंग घातल्यावर तिच्या तोंडातली फट मोजायला लावा, पिस्टन उलटा धरून रिंग बोअरमध्ये सरळ ढकलायची आणि फिलर गेज घालायची. ७३ च्या बोअरला ०.३ मिलिमीटरच्या आसपास मी समाधानी असतो, नवी रिंग टाकूनही ०.६-०.७ येत असेल तर बोअर गेलाय, तिथे रिंगांवर पैसे घालणं म्हणजे पाण्यात टाकणं.

होनिंगनंतर ब्लॉक धुणं. यावर मी जरा जास्तच बोलतो, पण माझ्याकडे दुसरीकडून आलेली, बांधून १० हजार किलोमीटरमध्ये परत धूर मारणारी बरीच इंजिनं याच्यामुळे गेलेली असतात. होनिंगच्या दगडाची भुकटी लायनरच्या बारीक रेघांत बसते आणि पेट्रोलने किंवा डिझेलने धुतलं की ती निघत नाही, उलट आत जाऊन बसते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश, परत परत. मग हवा मारायची, आणि पांढऱ्या सुती कापडाला ऑइल लावून बोअरमधून पुसायचं. कापड करडं झालं तर परत धुवायचं. चौथ्या-पाचव्या वेळी कापड पांढरंच बाहेर येतं, तेव्हा रिंगा घालायच्या. माझ्या हाताखालचा पोरगा सुरुवातीला यावरून कुरकुरायचा, आता तोच मला कापड आणून दाखवतो. तुम्ही मेकॅनिकला एवढंच सांगा, बोअर धुवून झाल्यावर मला बोलवा, मी कापड फिरवून बघणार.

शेलचं म्हणाल तर सुझुकीच्या इंजिनात मेन बेअरिंगचे शेल रंगाच्या ठिपक्यांनी वेगवेगळ्या जाडीचे येतात आणि क्रँक-ब्लॉकवरच्या नंबरांवरून जुळवायचे असतात. म्हणूनच फिल्टर साफ आणि प्रेशर ठीक असेल तर मी मेनला हात लावत नाही, चांगलं बसलेलं मोडायचं आणि मग दुकानात जो मिळेल तो शेल घालायचा, हा उद्योग नको. बिग एंडचे मात्र पिस्टन काढलेच आहेत तर बघून घ्यावेत.

हेड बोल्ट नवे घाला. इंजिन गरम झालेलं आहे, बोल्ट ताणले गेले असणार, आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आटे सैल होतात. टाइट करताना एखादा बोल्ट नुसताच फिरत राहिला तर आटा गेला, तिथे हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) घालून घ्यायची, एम-सील किंवा लॉकटाइट लावून निभावायचं नाही. आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) पाहिजेच. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही आणि 'हाताला अंदाज आहे' म्हणतो, तो माणूस चांगला असेल, पण हेड त्याच्याकडे नको.

टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. १ लाख ६२ हजारला चेन ताणली असू शकते, उघडल्यावर टेन्शनर किती बाहेर आलाय ते बघून ठरवा. सकाळी खरखर आवाज येत असेल तर किट टाकाच, कारण परत कव्हर उघडायची मजुरी वेगळी पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे इंजिन बांधा नाहीतर बदला, दोन्हीला लागू आहे. गाडी गरम का झाली? हे तुम्ही लिहिलंच नाही आणि त्या दोघांनी पण विचारलेलं दिसत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक झेन एस्टिलो आली होती, हेच तुमचं एक लिटरचं इंजिन, त्यालाच के-टेन म्हणतात, गरम होऊन बसलेलं. मालकाची ऐपत बेताची, म्हणून मी जुनं इंजिन शोधून बसवलं, इंजिन खरंच चांगलं होतं, मी स्वतः कॉम्प्रेशन घेतलेलं. रेडिएटर बाहेरून बरा दिसला म्हणून तोच ठेवला, ३ हजार वाचवले. दोन महिन्यांत फोन आला, निपाणीच्या पुढे गाडी उकळून बंद पडली. रेडिएटर कापून बघितला तर निम्म्या नळ्या बोअरवेलच्या पाण्याच्या क्षारांनी बुजलेल्या. त्या माणसाने बायकोचं डोरलं गहाण ठेवून पैसे दिले होते हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वेळची मजुरी मी घेतली नाही, पण त्याचे इंजिनाचे पैसे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून गरम झालेल्या गाडीला मी रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण, होस पाइप आणि वॉटर पंप बघितल्याशिवाय इंजिनाची किंमतच सांगत नाही. फॅन चालू होतो का ते पण बघा, रिले आणि टेम्परेचर सेन्सर दोन्ही. आणि पाण्याऐवजी कूलंट, बोअरवेलचं पाणी तर अजिबात नको.

आता भंगारातल्या इंजिनाबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही. तुमचा ब्लॉक फुटला असता किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असता तर मीच म्हणालो असतो जुनं बघा. हेच इंजिन ए-स्टार, एस्टिलो, अल्टो के-टेन आणि सेलेरिओमध्येही आलं, त्यामुळे माल मिळतो, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तर भरपूर. पण वायरिंग, सेन्सर, मॅनिफोल्ड, माउंटिंग यात गाडीगाडीप्रमाणे फरक आहेत, म्हणून त्याच पिढीच्या वॅगन आरचंच शोधा, नाहीतर बसवताना जुळवाजुळवीत मजुरी फुगते.

घेताना बंद इंजिन घेऊ नका, चालू करून दाखवा म्हणा, तेही थंड असताना, तुम्ही जायच्या आधी गरम करून ठेवलेलं नको. कॉम्प्रेशन तिथेच घ्यायचं. आणि आपल्या भागात एक जास्तीची काळजी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा किती गाड्या दिवसच्या दिवस पाण्याखाली होत्या ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं पुढे भंगारात आली, वरून धुवून रंग मारून. क्लच हाउसिंगच्या आत टॉर्च मारून बघा, कोपऱ्यात वाळलेला बारीक चिखल, पिवळसर, नखाने खरवडला की पावडर होतो, तो दिसला की मागे फिरा. अल्टरनेटरच्या आत आणि वायरच्या सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज असेल तरीही.

कागदाचं पण बघा. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलला, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. त्याला विक्रेत्याचं नंबरसकट बिल लागतं, ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे दिसावं लागतं. 'कोण बघतंय' म्हणणारा दुकानदार विकून मोकळा होतो, पण अपघात झाला आणि विमा सर्व्हेअरने ब्लॉकवरचा नंबर बघितला तर क्लेम अडकणार तुमचा. नंबर घासलेला, ठोकून परत मारलेला वाटला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि तुमची गाडी २०११ ची, १५ वर्षं २०२६ ला भरतात, म्हणजे पुढच्या ५ वर्षांसाठी आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत न्यावीच लागणार, तिथे इन्स्पेक्टर इंजिन आणि चॅसी नंबर बघतोच. आपलाच ब्लॉक ठेवून बांधलं तर ही सगळी कटकटच नाही, आणि माझा कल बांधण्याकडे आहे त्याचं हे मोठं कारण आहे.

त्या रिन्यूअलचा खर्चही आत्ताच धरा, कारची फीच एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली आहे, वर पर्यावरण कर. म्हणून इंजिनात पैसे घालायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बॉडी बघा, पायाखालचा पत्रा, पुढच्या शॉकअपचे टॉवर, साइड मेंबर. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर पत्रा सडलाय, आणि मग ४० हजार इंजिनात घालण्यापेक्षा गाडी आहे तशी विकून त्यात हे पैसे घालून दुसरी घ्यावी असं मी सांगेन. बॉडी घट्ट असेल तर मात्र ही गाडी अजून पाच वर्षं तुम्हाला साथ देईल.

हाफ इंजिनाचा हिशोब माझ्याकडे साधारण असा बसतो. रिंगा, बिग एंड शेल, पूर्ण पॅकिंग किट, सील आणि हेड बोल्ट मिळून ९ ते ११ हजार. लेथचं काम, म्हणजे हेड फेसिंग, सीट, व्हॉल्व्ह बसवणं आणि होनिंग, ३ ते ४ हजार. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होस ५ ते ६ हजार. ऑइल दोन वेळचं, फिल्टर, कूलंट ३ हजारांच्या आत. मजुरी ८ ते १० हजार. म्हणजे २८ ते ३४, आणि उरलेले ५-६ हजार तसेच बाजूला ठेवा, चेन किट किंवा क्लच प्लेट निघालीच तर लागतील. इंजिन खाली उतरवलंय तेव्हा क्लच बघितलाच पाहिजे. बोअर गेलेला निघाला तर हिशोब बदलतो, ओव्हरसाइझ पिस्टन मिळतायत का, लायनर किती घेतोय, हे आधी लेथवाल्याला विचारून मगच पुढे जा, आणि तो आकडा ४५ च्या वर जात असेल तेव्हा चांगल्या, कागदपत्रांसकट मिळणाऱ्या जुन्या इंजिनाचा विचार करा.

दिवसांचं बोलायचं तर सहा धरा, एक-दीड दिवस उतरवायला, दोन लेथला, दोन परत चढवायला. लेथवाल्याकडे रांग असते, म्हणून गाडी उघडायच्या आधीच त्याचा वार ठरवून घ्या आणि पार्ट आधी आणून ठेवा. माझ्या बघण्यात गाड्या महिना महिना उभ्या राहतात त्या कामामुळे नाही, पार्टची वाट बघण्यात. वहिनींची दिवसपाळी ज्या आठवड्यात असेल तोच आठवडा धरा.

बांधून आल्यावर उभ्या जागी तासन् तास आयडलला चालवू नका, जुनी माणसं सांगतात पण त्याने रिंगा बसत नाहीत. पहिले पाणी-ऑइल गळती बघून सरळ रस्त्यावर काढा, तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये मध्यम दाबून वेग वाढवायचा, मग सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्यायची, असं १५-२० वेळा. पहिले ५०० किलोमीटर एकाच स्पीडला नको, पाच माणसं भरून घाटात नको. ५०० ला ऑइल-फिल्टर बदला, आणि तो फिल्टर पण कापून बघा. पहिल्या हजारात थोडं ऑइल कमी झालं तर घाबरू नका, त्यानंतर थांबलं पाहिजे.

तोपर्यंत, म्हणजे गाडी उघडेपर्यंत, डिकीत एक लिटर ऑइल आणि पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवा आणि वहिनींना पण डिपस्टिक बघायला शिकवा, रात्रीच्या वेळी गाडी त्यांच्या हातात असेल तर टेम्परेचरचा दिवा लागल्या क्षणी बाजूला घेऊन बंद करायची, 'दोनच किलोमीटर राहिलेत' म्हणून पुढे न्यायची नाही. मे महिन्यात तुम्ही घरापर्यंत आणली तिथेच निम्मं नुकसान झालंय, हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही, त्या वेळी घाटात कुटुंब घेऊन कुणीही तेच केलं असतं.

तिन्ही सिलेंडरचे कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले असे सहा आकडे, फिल्टरच्या कागदाचा उन्हातला फोटो, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आहेत का नाहीत, एवढं मला कळवा. मग हेड उतरवायचं की नुसता पीसीव्ही बदलून दिवाळीपर्यंत थांबायचं, ते नक्की सांगतो.